हिवऱ्याला स्थळ पाहिजे

मुंबईला बहिणी, म्हणजे परदेशातली जोडशहरं, किती, असं विचारलं तर खुद्द मुंबईला बोटं मोजत बसावं लागेल. जपानचं योकोहामा 1965 पासून आहे, जर्मनीचं स्टुटगार्ट 1968 पासून, अमेरिकेचं लॉस एंजेलिस 1972 पासून, शिवाय शांघाय आहे, बुसान आहे. पुणं तरी मागे राहील कसं? त्याचं 1992 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेशी जमलं. औंधला ब्रेमेन चौक आहे, तिथल्या सिग्नलला थांबून पुणेकर रोज त्या जर्मन शहराचं नाव घेतो, बहुधा कपाळाला आठ्या घालून. सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे. ओकायामातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून ते बेतलं आणि त्याला नाव दिलं पु. ल. देशपांड्यांचं. जपानी बाग, मराठी विनोदकार आणि पाट्या लावणारं शहर, असा त्रिवेणी संगम जगात दुसरीकडे नसावा. छत्रपती संभाजीनगरनं, ते औरंगाबाद होतं तेव्हा, 2015 साली चीनच्या दुनह्वांगशी जुळवलं. यांच्याकडे अजिंठा-वेरूळ, त्यांच्याकडे मोगाओची लेणी. मुलगाही डॉक्टर, मुलगीही डॉक्टर, असं ते जोडपं.

आणि आमचं हिवरा आश्रम? मेहकर-चिखली रस्त्यावर, बुलढाणा जिल्ह्यात, एकटं उभं आहे. शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम सुरू केला तोही 1965 सालीच. म्हणजे योकोहामाच्या नात्याइतकंच आमच्या आश्रमाचं वय झालं, तरी गावाला अजून एक स्थळ सांगून आलेलं नाही.

ही खंत पहिल्यांदा बोलून दाखवली आमच्या निवृत्त गुरुजींनी, हॉटेलात. हॉटेल म्हणजे चहाची टपरी. दोन बाकडी टाकली की आमच्याकडे तिचं हॉटेल होतं. गुरुजींनी पेपर घडी करून खिशात घातला (पेपर हॉटेलवाल्याचा होता) आणि म्हणाले, "परदेशात लहान लहान खेड्यांनाही दुसऱ्या देशातलं जोडगाव असतं. पाचशे-सहाशे वस्तीचं गाव, पण वेशीवर पाटी: आमची मैत्री फलाण्या गावाशी. दरवर्षी यांची माणसं तिकडे, त्यांची इकडे. उतरायचं हॉटेलात नाही, एकमेकांच्या घरी."

"घरी?" हॉटेलवाला दचकला. "मंग जेवाले कोन घालते?"

"घरचे."

"आन् वापस जाताना?"

"भेटवस्तू देतात."

"हे तं आपल्या इथं बिना कराराचंच चालते ना, गुरुजी."

त्याचं म्हणणं पुढे इतकं खरं ठरलं की गुरुजींना ते अजून आवडलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी ते बाजूला सारलं आणि गावासाठी वरसंशोधन सुरू केलं. मी त्यात पडलो तो केवळ माझ्या मोबाइलला रेंज होती म्हणून.

आधी गुरुजींनी आम्हाला जोडगावांच्या घराण्याचा इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचं कॉव्हेंट्री शहर जर्मन बाँबनी उद्ध्वस्त झालं होतं आणि तिकडे रशियात स्टालिनग्राडची राखरांगोळी चालली होती. तेव्हा कॉव्हेंट्रीच्या 830 बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामानं काढली, प्रत्येकीनं सहा-सहा पेन्स घातले आणि ते सगळं स्टालिनग्राडला पाठवलं. 1944 मध्ये दोन्ही शहरं रीतसर जोडली गेली. युद्ध संपल्यावर फ्रेंच आणि जर्मन गावांनी तोच कित्ता गिरवला. काल एकमेकांवर तोफा डागणारे लोक आज एकमेकांच्या घरी मुलं राहायला पाठवू लागले. हे ऐकून दूध घालायला आलेल्या काकू थांबल्या. "म्हंजे त्या बायाईनं वाण देल्लं म्हना की." गुरुजी म्हणाले, तसंच काहीसं. काकूंना पुढे एकच विचारायचं होतं, त्या दुसऱ्या बायकांनी परत काय दिलं? गुरुजींकडे त्याचं उत्तर नव्हतं. काकूंच्या मते मग ती गोष्ट अर्धीच होती.

सगळेच संसार टिकतात असंही नाही. इंग्लंडातल्या बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावानं 2011 साली आपल्या फ्रेंच आणि जर्मन जोडगावांना पत्र पाठवून नातं संपलं म्हणून कळवलं. चार दशकांहून जास्त काळ चाललेला संसार, एका टपालात मोडला. फ्रेंच-जर्मन मंडळींना फार लागलं म्हणे. लागणारच. आमच्याकडे सोयरीक मोडायची तर किमान चार माणसं मध्ये पडतात, दोन पंगती उठतात, कोणीतरी विष पितो म्हणतं आणि मग सगळे जेवून घरी जातात. पत्रानं कुणी मोडत नाही.

स्थळं पाहताना पहिलं हाती लागलं ते स्कॉटलंडचं डल. या गावाचं नाव डल, म्हणजे मंद. सायकलवर फिरायला गेलेल्या त्या भागातल्या एका बाईंना अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये बोअरिंग नावाचं गाव लागलं आणि 2012 साली दोघांची जोडी जमली. पुढे ऑस्ट्रेलियातलं ब्लँडही त्यांच्यात सामील झालं. मंद, कंटाळवाणं आणि अळणी. बोअरिंगचे लोक दर 9 ऑगस्टला या मैत्रीचा दिवस साजरा करतात, आणि तो दिवस मुळीच कंटाळवाणा नसतो असं वाचलं. मला हे फार आवडलं. स्वतःच्या नावावर हसणारं गाव चांगलंच असणार. पण 'बोअरिंग' ऐकताच हॉटेलवाल्यानं कान टवकारले: "किती फुटावर पानी लागलं म्हना तिथं?" बोअरिंग हे तिथं राहायला आलेल्या एका माणसाचं आडनाव होतं, असं मी सांगितलं. "म्हंजे कोरडाच गेला," असं म्हणून त्यानं विषय संपवला.

खरं तर मैत्रीसाठी ऑरेगॉन गाठायची गरज नाही. महाराष्ट्रात गावागावांतल्या भेटीगाठी या करारांपेक्षा जुन्या आहेत. फक्त त्यांचा सूर जरा वेगळा लागतो. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही शेजारगावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका शिवेवरच्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाजतगाजत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. याला बोरीचा बार म्हणतात. हातवारे होतात, कुळांचा उद्धार होतो, आणि मग सगळ्या आपापल्या घरी स्वयंपाकाला जातात. इतकं पारदर्शक नातं युरोपात दाखवा. तिकडे महापौर एकमेकांबद्दल गोड भाषणं करतात आणि चाळीस वर्षांनी पत्र पाठवतात. इथे दरवर्षी सगळं बोलून मोकळं होतात, म्हणून पत्राची वेळ येत नाही.

याच्याही पुढे गेले ते पांढुर्णा आणि सावरगाव. मध्य प्रदेशातली, पण मराठी बोलणारी ही गावं, मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकमेकांवर दगड मारतात. त्याला गोटमार म्हणतात. यांच्या गावचा मुलगा त्यांच्या गावच्या मुलीला घेऊन पळाला, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. हे देवाणघेवाणीचं टोक झालं. त्यात माणसं जखमी होतात, जिवानिशीही गेली आहेत, त्यामुळे त्यावर विनोद करायला माझा हात पुढे येत नाही. बोरीच्या बायकांना मात्र शांततेचं एखादं पारितोषिक द्यायला हरकत नाही.

सभ्य, शासनमान्य देवाणघेवाण हवी असेल तर आपल्याकडे अभ्यास दौरा आहे. ग्रामपंचायतीचे सरपंच-सदस्य, बचत गटाच्या ताई, शेतकरी मंडळ, कोणीही अभ्यासाला निघू शकतं. जायचं कुठं हे ठरलेलंच, आदर्श गावं: राळेगणसिद्धी, पाटोदा किंवा हिवरे बाजार. हिवरा आणि हिवरे, म्हणजे नावावरून तर हे आमचे चुलतभाऊच. अशा एका दौऱ्याला मी गेलेलो आहे. ट्रॅव्हल्स पहाटे चारला निघणार असं ठरलं, म्हणून साडेपाचला निघाली. गाडीत पाण्याच्या ताळेबंदावर चर्चा व्हायची होती. त्याऐवजी वाटेत शिर्डी घ्यायची की शिंगणापूर, यावर झाली, आणि लोकशाही मार्गानं दोन्ही घ्यायचं ठरलं. हिवरे बाजारला आम्ही टेकलो तेव्हा उन्हं कलली होती.

पण ते गाव पाहून तोंडात बोट गेलं, हे खरं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, पावसाचं पाणी मोजून त्यावर पिकं ठरवायची, आणि शेतीसाठी बोअर पाडायचा नाही. (ऑरेगॉनच्या मंडळींशी यांचं जमणं कठीण आहे.) हे गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांना 2020 साली पद्मश्री मिळाली ती काही कुणाच्या मेहेरबानीनं नाही. आमच्यातल्या एकानं माहिती देणाऱ्याला अगदी गंभीरपणे विचारलं, "हे सगळं ठीक हाय, पन विरोधी पार्टी काय म्हन्ते?" एवढा एक प्रश्न सोडला तर बाकीच्या वेळात आम्ही एकमेकांचे फोटो काढले. झाडाखाली, बंधाऱ्यावर, कमानीखाली. अभ्यास दौऱ्याचा अहवाल म्हणजे ते फोटो.

या दौऱ्यांत मला एकच गोष्ट खटकते. आपण त्यांच्याकडे जातो, ते आपल्याकडे येत नाहीत. हिवरे बाजारचे लोक आमच्या गावाचा अभ्यास करायला आले तर त्यांना दाखवण्यासारखं आमच्याकडेही आहे, पण कोणी विचारलेलंच नाही. एकतर्फी जाण्याला भेट म्हणत नाहीत, दर्शन म्हणतात. कराराच्या कागदावर सह्या करणाऱ्या मोठ्या शहरांचंही थोडंफार असंच चालतं. पदाधिकारी जातात, खरेदी करून येतात, आणि ज्या घरात मुलं राहायला जायला हवीत त्या घराचा पत्ता कुणालाच माहीत नसतो. स्टुटगार्टनं निदान त्यात जीव ओतला: मुंबईत येऊन वाइनचा महोत्सव भरवला आणि आपल्या शहरात भारतीय सिनेमांचा. खाणंपिणं आणि सिनेमा एवढं असलं की नातं बरंच चालतं, हे कुठल्याही व्याह्याला विचारा.

आता पाहुणे खरोखरच आले तर? समजा, एखाद्या जर्मन गावची वीस माणसं हिवरा आश्रमला आली आणि गावात एकेका घरी एकेक उतरली. पहिल्या अर्ध्या तासात त्या पाहुण्याला पुढील प्रश्न विचारले जातील: पगार किती, लग्न झालं का, नसेल तर काहून नाही, आई-वडील कुणाकडे असतात, शेती किती. यात कुठलाही आगाऊपणा नाही. ज्याचं एवढंसुद्धा माहीत नाही त्याला घरात झोपवायचं कसं? उत्तरं ऐकून घरातली आजी त्याच्याबद्दल मत बनवेल आणि ते शेवटपर्यंत बदलणार नाही. मग तो म्हणेल, मला पुरे झालं. आमच्याकडे 'पुरे' या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढतात. ठेचा त्याला 'थोडासाच' देतील, आणि तो थोडासाच पुढचे दोन दिवस पुरेल. शेजारच्या घरची मंडळी 'तुमचा पाहुणा पाहाले आलो' म्हणून येतील, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून पगार सांगावा लागेल.

निरोपाला शाल आणि श्रीफळ आलंच. शाल ठीक आहे, जर्मनीत थंडी असते. श्रीफळाचं अवघड आहे. विमानात हातातल्या सामानात नारळ नेऊ देत नाहीत. म्हणजे वीस पाहुण्यांचे वीस नारळ विमानतळावरच्या पेटीत पडणार. यावर काकूंनी मार्ग काढला, नारळ द्यायचा पण निघायच्या आधी फोडायचा आणि खोबरं तिथंच वाटायचं. कुठल्याही परराष्ट्र खात्याला हे सुचलं नसतं.

पण पाहुण्यांना बोलवायचंच तर पौष वद्य सप्तमीला बोलवावं. विवेकानंदांची जयंती जग 12 जानेवारीला करतं, आम्ही तिथीनं करतो. तीन दिवसांचा उत्सव असतो आणि शेवटी महाप्रसाद: पुरी आणि वांग्याची भाजी. हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. शेतांच्या शेतं मोकळी केलेली असतात, त्यात आखलेल्या ओळींत लोक मांडी घालून बसतात, लाखाच्या वर. एवढ्या माणसांना हातात बादली घेऊन वाढायला गेलं तर पहिल्या ओळीला पुन्हा भूक लागेल तरी शेवटच्या ओळीला पुरी पोचणार नाही. म्हणून वाढपी ट्रॅक्टरवरून येतात. ट्रॉलीत पुऱ्यांचे ढीग, भाजीची भांडी. ट्रॅक्टर सावकाश ओळींमधून चालतो आणि दोन्ही बाजूंना वाढत जातो. जो ट्रॅक्टर आठ दिवसांपूर्वी हरभऱ्यात होता तो आज पंगतीत असतो. ड्रायव्हर आमच्यातलेच, वर्षभर रस्त्यावर कसेही चालवतात, पण त्या दिवशी पहिल्या गिअरमध्ये इतके जपून चालवतात की त्यांच्या बायकांनाही आश्चर्य वाटतं. बसलेल्यांत जातपात, पैसा, तालुका, काही दिसत नाही. दिसते ती फक्त वांग्याची भाजी. एवढ्या लोकांत कोण कोणत्या गावचं आहे हे जेवणानंतर कळतं, जेव्हा शेजारी बसलेला म्हणतो, "आमच्याकडं या एकदा," आणि दुसरा खरंच जातो. अशी जुळलेली किती नाती या जिल्ह्यात आहेत, त्यांची नोंद कुठल्याही महापालिकेत नाही.

वारीचंही तेच. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, जानेफळ या वाटेनं जाते. कोणत्या गावात चहा, कोणत्या गावात जेवण, कुठं मुक्काम, सगळं ठरलेलं. वारकऱ्याला पाणी देणारी म्हातारी आणि ते पिणारा वारकरी यांची वर्षातून एकदाच भेट होते, आणि ती दोघंही मधल्या वर्षात कोण आजारी पडलं, कुणाच्या नातीचं लग्न झालं हे विचारून घेतात. दोन्ही बाजूंनी विचारपूस, दोन्ही बाजूंनी वाट पाहणं. हे युरोपातल्या कुठल्याही जोडगावाला मागे टाकेल. फक्त पाटी नाही.

आता गुरुजींची स्थळं. पहिलं अर्थातच शिकागो. 11 सप्टेंबर 1893 ला स्वामीजी तिथं बोलले, त्यांच्या नावानं आमचा आश्रम आहे, आणखी काय पाहिजे? शिकागोनंही आपल्या मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला मानानं विवेकानंदांचं नाव दिलेलं आहे. पण चौकशी केली तर कळलं, 2001 सालीच शिकागोचं दिल्लीशी जमलेलं आहे. दिल्ली अशी वेळेवर पोचते. आमच्याकडची एसटी नाही पोचत. गुरुजी दोन दिवस गप्प होते.

दुसरं स्थळ मी सुचवलं. आमच्या शेजारच्या लोणारला उल्केनं केलेलं सरोवर आहे, सगळ्यांना माहीत. जर्मनीत बव्हेरियात नोर्डलिंगन नावाचं टुमदार गाव आहे, ते संपूर्णच उल्केच्या खड्ड्यात वसलेलं आहे. लोकांना शेकडो वर्षं पत्ता नव्हता. त्यांनी त्याच उल्केनं वितळवलेल्या दगडातून चर्च बांधलं. 1970 साली अपोलोच्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवायचं म्हणून तिथं नेलं होतं. म्हणजे उल्का दोन्हीकडे, मग पत्रिका जुळायला काय हरकत? हरकत लोणारकरांनी घेतली. आमच्या सरोवराचं स्थळ तुम्ही परस्पर कसं लावता, असं एका लोणारच्या मित्रानं फोनवर विचारलं. शिवाय त्याचा मुद्दा बिनतोड होता: आमचं सरोवर बेसाल्टात आहे, चंद्रावरही बेसाल्ट आहे, त्यांचं तसं नाही. म्हणजे आमची बरोबरी थेट चंद्राशी. एवढं मोठं घराणं असताना बव्हेरियात कोण देतो.

लंडनचा विचार कोणी केला नाही. लंडनशी आमच्या तालुक्याचं जुनं बिनसलेलं आहे. 1888 साली मेहकरला खोदकामात शारंगधर बालाजीची देखणी मूर्ती सापडली. ती लंडनच्या संग्रहालयात न्यायचा इंग्रजांचा बेत होता आणि मेहकरकरांनी घाईघाईनं तिची प्रतिष्ठापना करून टाकली, असं आमच्याकडे सांगतात. प्रतिष्ठापना झालेला देव हलवायची हिंमत साहेबाला झाली नाही. घेणं होतं, देणं काहीच नव्हतं, अशा ठिकाणी आम्ही सोयरीक करत नाही.

मग एके दिवशी हॉटेलवाल्यानंच, बशी पुसता पुसता, योग्य स्थळ सांगितलं. "बडोदा."

बाकड्यावर शांतता पसरली. कारण बडोद्याचं नाव आमच्याकडे जरा हळू आवाजात घेतात. सप्टेंबर 2017 मध्ये 91 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी हिवरा आश्रमाची निवड झाली होती. शर्यतीत बडोदाही होतं. गावात काय आनंद! साहित्यिक कसे दिसतात हे आम्ही पाठ्यपुस्तकात फोटोवरून पाहिलेलं, ते आता पंगतीत दिसणार होते. मग अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतला, उलटसुलट बाजू मांडल्या गेल्या, वर्तमानपत्रांना आठवडाभर काम मिळालं, आणि शेवटी आश्रमानं निमंत्रण मागं घेतलं. फेब्रुवारी 2018 मध्ये संमेलन बडोद्याला झालं, अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख. त्या वादात कोण बरोबर होतं, यावर आमच्या बाकड्यावर अजून दोन बाकडी होतात, त्यामुळे मी ते इथं काढत नाही. पण बडोद्याला याआधी 1909, 1921 आणि 1934 अशी तीन संमेलनं झालेली होती. ज्याच्या घरी तीन कार्यं झाली त्याच्याकडे चौथं, आणि आमच्याकडे मांडव पडता पडता राहिला.

मला खंत वाटते ती वेगळी. ते संमेलन हिवऱ्याला झालं असतं तर मराठी साहित्यातला मानापमानाचा प्रश्न एका दुपारी सुटला असता. कोण व्यासपीठाच्या पहिल्या रांगेत, कुणाला गाडी पाठवली आणि कुणाला नाही, कुणाच्या खोलीत गरम पाणी येतं, यावर दरवर्षी जे महाभारत होतं, ते ट्रॅक्टरपुढे टिकलं नसतं. ट्रॅक्टर कुणाला ओळखत नाही. समीक्षकाला आणि ज्याच्यावर त्यानं समीक्षा लिहिली त्याला तो एकाच वेगानं पुरी वाढतो. कवींची ओळ किती लांब गेली असती याची मात्र मला काळजी आहे. त्या ओळीला वेगळी ट्रॉली लागली असती.

गुरुजींनी लगेच पत्रिका काढली. विवेकानंदांचा जन्म 1863 चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा? तोही 1863 चा. शिवाय 1892 साली परिव्राजक म्हणून फिरताना स्वामीजी बडोद्याला दिवाण मणिभाईंच्या घरी उतरले होते. हॉटेलात नाही, घरी! म्हणजे जोडगावाची पहिली अट तेव्हाच पुरी झालेली. आणि महाराष्ट्राच्या खेड्यातून काही न्यायची बडोद्याची सवयही जुनी: खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, बारा वर्षांचे असताना 1875 मध्ये दत्तक गेले. कवळाण्याचा मुलगा नेला, हिवऱ्याचं संमेलन नेलं. "मंग एवढं नेलं तं सोयरे झालेच की," काकू म्हणाल्या, "आता रुसून काय करता?"

ठरलं, हिवरा आश्रम आणि बडोदा. ठराव अजून कुणी मांडलेला नाही, कारण तो कुणाकडे मांडायचा यावर एकमत नाही, आणि बडोद्याला तर काहीच माहीत नाही. पण आमच्याकडून होकार आहे, आणि आमच्या भागात एका बाजूचा होकार आला की बोलणी सुरू झाली असं धरतात.

तेव्हा बडोद्याच्या मराठी माणसांनो, पौष वद्य सप्तमीला या. समृद्धी महामार्गावर मेहकरला उतरा आणि चिखली रस्त्यानं कुणालाही आश्रम विचारा. घरी उतरायची सोय होईल, पगार मात्र आधीच आठवून ठेवा. 1909 पासूनची चारही संमेलनं तुमचीच, त्याबद्दल कुणी एक शब्द बोलणार नाही, काकू सोडून. जेवण पंगतीत आणि ट्रॅक्टरवरून, पुरी आणि वांग्याची भाजी. भाजीत गूळ नसतो. लागत असेल तर येताना घेऊन यावा.